कुलपातला ड्रोन

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर माडगवण नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात हेमांगी नावाची एक बाई होती. गावातल्या बागांवरून तिचा ड्रोन उडायचा. तो उडायचा म्हणून गावातले पुरुष पावसाळ्यात धडधाकट राहायचे.

यात अतिशयोक्ती नाही. माडगवण पोफळीवर जगणारं गाव. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, बारीक, सरळ आणि उंच. पावसात या झाडांना कोळेरोग धरतो आणि हिरवी सुपारी सडून खाली गळते. त्यावर औषध मारायचं ते भर पावसाळ्यात, जरा उघडीप मिळाली की, आणि तेही थेट शेंड्याजवळच्या घोसांवर. त्यासाठी पाडेली, म्हणजे सुपारी पाडणारा गडी, झाडावर चढायचा. पायात दोरीचा वेढा, कमरेला फवाऱ्याची नळी आणि पोटाशी शेवाळलेलं खोड. एका झाडाचं काम झालं की तो खाली उतरत नसे. शेंडा झुलवून पुढच्या झाडाला हात घालत असे. अशाच एका झोक्यात हेमांगीच्या नवऱ्याचा हात सुटला होता.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर हेमांगी शहरात गेली. ड्रोन उडवायचं शिकली, रीतसर परवाना घेतला. बचत गटातल्या बायकांनी मिळून फवारणीचा ड्रोन आणला. तिचा दीर अनंत, तोही पाडेलीच. तिने त्याला सांगितलं, "भावोजी, या घरातलं माणूस आता पावसात पोफळीवर चढणार नाही." अनंतने दोरी खुंटीला टांगली.

हेमांगी काम करायची ते बघण्यासारखं होतं. बागेचा मालक समोर हवा, बागेत माणूस नको, शेजारच्या विहिरीवर चादर टाकलेली हवी. वारा सुटला की ड्रोन खाली. लोक वैतागायचे. ती हलायची नाही.

गावात आणखी एक ड्रोन होता. तो शांताराम पोस्टमनचा. नोकरीतून निवृत्त झाल्यावर या गृहस्थाला हौस सुटली होती. ओहोटीच्या वेळी रिकाम्या पुळणीवर तो आपला छोटासा ड्रोन उडवायचा आणि वरून समुद्र कसा दिसतो ते बघत बसायचा. बायका वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला आल्या की लगेच खाली उतरवायचा. कुणाला न विचारता वरून बघणं त्याला चोरून पत्र वाचण्यासारखं वाटायचं.

असं सगळं नीट चाललं होतं. मग शिमगा आला.

शिमग्याला माडगवणात देवीची पालखी नाचते. खांद्यावर घेतलेली पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, परत टेकेपर्यंत मध्ये कुठेही जमिनीला लावायची नाही, ही तिथली रीत. सरपंच भाईशेठांच्या मनात आलं की या वर्षी पालखी वरून टिपायची आणि साऱ्या जगाला दाखवायची. त्यांनी हेमांगीला बोलावलं. ती म्हणाली की गर्दीच्या डोक्यावर ड्रोन उडवायचा नसतो. भाईशेठ हसले. म्हणाले, "देवीचं काम आहे, बाय. देवी बघून घेईल." हेमांगीने तरी नाही म्हटलं. भाईशेठांनी मुंबईहून भाच्याला बोलावलं.

भाच्याने ड्रोन उडवला. भाईशेठ खालून ओरडत राहिले, अजून खाली घे, चेहरे दिसू देत. भाच्याने घेतला. पालखीपुढच्या निशाणाचं कापड वाऱ्याने फडकलं, पात्यांत गुंतलं, आणि ड्रोन काशिनाथ नावाच्या भोयाच्या कपाळावर येऊन पडला. भुवई फाटली. डोळ्यात रक्त उतरलं. पण पालखी टेकवायची नाही, म्हणून दुसरा खांदा येईपर्यंत तो माणूस तसाच उभा राहिला. डोळा वाचला, तो नशिबाने.

सणाच्या दुसऱ्या दिवशी सहाणेवर गावकी बसली. गावकी म्हणजे साऱ्या गावाची बैठक. तिचा शब्द कुणी मोडत नाही. त्या बैठकीत सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा असावा? भाईशेठांचा. यंत्रांनी माणसांना जगू देईनासं केलंय, म्हणाले. आजपासून माडगवणात ड्रोन बंद, सगळे बंद, म्हणाले. काशिनाथच्या डोक्याला पट्टी होती आणि मनात राग. त्यानेही हात वर केला. हेमांगीने उभं राहून विचारलं की ड्रोन कुणी उडवला, कुणाच्या सांगण्यावरून उडवला, त्याचं काय? तिला खाली बसायला सांगितलं गेलं. सणाच्या तोंडावर वाद नको म्हणे. सण तर होऊन गेला होता.

हेमांगीचा ड्रोन देवळामागच्या खोलीत ठेवायचं ठरलं. शांताराम पोस्टमनचाही. खोलीला कुलूप लागलं. किल्ली भाईशेठांनी आपल्या कनवटीला लावली. आणि काशिनाथच्या कपाळावर जो ड्रोन पडला होता तो? तो भाच्याच्या गाडीत, मागच्या सीटवर, नीट टॉवेलात गुंडाळून मुंबईला गेला.

हेमांगीच्या अंगाची लाही लाही झाली. तरी ड्रोन तिने स्वतःच्या हाताने खोलीत नेऊन ठेवला. गटातल्या बायका म्हणाल्या की लपवून ठेवू, कोण बघतंय. तिने ऐकलं नाही. नियम मूर्खपणाचा असेल तर तो चारचौघांत बदलायचा, चोरून मोडायचा नाही, असं तिला वाटायचं. ती पुन्हा पुन्हा भाईशेठांच्या दारात गेली. निदान फवारणीपुरता तरी विचार करा, म्हणाली. भाईशेठ दर वेळी म्हणायचे, "गावकीचा शब्द आहे, बाय. माझ्या हातात काय आहे?"

पाऊस लागला. पोफळीखाली हिरव्या सुपारीचा सडा पडू लागला. पहिली उघडीप मिळाली तशी अनंतने खुंटीवरची दोरी काढली. हेमांगी दारात आडवी उभी राहिली. तो म्हणाला, "वहिनी, बाजूला व्हा. बागा सडल्या तर गाव खाणार काय?" ती बाजूला झाली. त्याच्या प्रश्नाचं उत्तर देवळामागच्या खोलीत बंद होतं.

सगळ्यांत आधी कुणाच्या बागेत फवारणी व्हायची? भाईशेठांच्या. ते सरपंच होते, पहिला मान त्यांचा. अनंत निम्म्या बागेपर्यंत पोचला. मग एका झोक्यात त्याचा हात ओल्या झावळीवरून निसटला. खाली पालापाचोळ्याचा ढीग होता म्हणून जीव वाचला. मांडीचं हाड मोडलं.

डॉक्टरांनी पाय बांधून त्याला घरी सोडलं, त्याच संध्याकाळी दिवेलागणीला भाईशेठ आले. हातात शहाळी होती. अनंतच्या पायाकडे बघून चुकचुकले. जुन्या गोष्टी काढल्या. मग खुर्ची हेमांगीकडे सरकवून हळू आवाजात म्हणाले, "अर्धी बाग राहिलीय माझी. अजून दोन दिवस गेले की हातची गेली." त्यांनी कनवटीची किल्ली सोडली आणि अनंतच्या खाटेवर, त्याच्या बांधलेल्या पायाशी ठेवली.

"उद्या पहाटे ये. माझी बाग गावाच्या टोकाला आहे, गाव उठायच्या आत कुणाला दिसायचं नाही. काम झालं की पुन्हा आत ठेव."

"आणि गावकीचा शब्द?"

"शब्द गावासाठी असतो, बाय. तुझ्यापुरती सूट मी देतो. पुढेही देईन."

हेमांगीने अनंतकडे बघितलं. वेदनेने त्याचा चेहरा आक्रसला होता. तिला आपला नवरा आठवला. किल्ली उचलली तर तिचं निम्मं दुःख मिटणार होतं. ड्रोन उडणार होता. सरपंच तिच्या बाजूने राहणार होते. फक्त उरलेले पाडेली दुसऱ्यांच्या बागांत चढतच राहणार होते, आणि शांताराम पोस्टमन रिकाम्या पुळणीवर रिकाम्या हाताने बसून राहणार होता. एकट्याला दिलेली सूट म्हणजे तोंडात कोंबलेला लाडू आहे, हे तिला कळलं. तो खाल्ला की बोलता येणार नव्हतं.

तिने किल्ली उचलली. भाईशेठ समाधानाने उठले. जाताना शहाळी थंड असतानाच प्या, म्हणाले.

पहाटे भाईशेठ आपल्या बागेत वाट बघत उभे होते. आकाश मोकळं होतं. हेमांगी आली नाही. उजाडलं, ऊन झाडांच्या खोडांवर आलं, आणि देवळाकडून ढोल वाजू लागला. गावकी बोलवायची असेल तरच तो ढोल अवेळी वाजवतात. आजवर तो कुठल्या बाईने वाजवलेला नव्हता.

सारं गाव सहाणेवर आलं. भाईशेठही आले, धोतराला चिखल लागलेला. हेमांगीने ढोलावरून हात काढला आणि देवळामागच्या खोलीची किल्ली सहाणेच्या दगडावर ठेवली. किल्ली सगळ्यांनी ओळखली. आदल्या संध्याकाळी अनंतच्या खाटेपाशी जे घडलं ते तिने जसंच्या तसं सांगितलं. आवाज चढवला नाही, की एकही शब्द गाळला नाही.

भाईशेठ म्हणाले की परिस्थिती तशी होती. बाग सडत होती. माणसाने व्यवहार बघावा की नाही? दोघातिघांनी माना डोलावल्या. एक जण तर म्हणाला की बाईने ढोल वाजवला, आधी त्याचं बघा.

मग काशिनाथ उठला. कपाळावरचा व्रण अजून लाल होता. बंदीसाठी हात वर करणारा तो, म्हणून सगळ्यांनी त्याला वाट दिली. तो सावकाश किल्लीपाशी गेला, ती उचलली आणि भाईशेठांसमोर धरली.

"माझ्या कपाळावर जो पडला," त्याने विचारलं, "तो या कुलपाच्या आत आहे का?"

गावाने महिनोन्‌महिने ज्या खोलीला कुलूप लावलं होतं, तिच्यात कुणाच्याही केसाला धक्का न लावलेली दोन यंत्रं होती. ज्याने रक्त काढलं तो मोकळा होता, ज्याने काढवलं तो किल्ली बाळगत होता, आणि मधल्या मध्ये एका माणसाची मांडी मोडली होती.

"मीही हात वर केला होता," काशिनाथ म्हणाला. "चुकलो." आणि त्याने जाऊन कुलूप उघडलं.

लोक लगेच ड्रोन बाहेर आणायला धावले. हेमांगी खोलीच्या दारात आडवी उभी राहिली, तशीच, जशी अनंतसमोर उभी राहिली होती. म्हणाली की आधी नियम ठरवा, मगच ड्रोन बाहेर येईल. मोकाट सोडलात तर पुढच्या शिमग्याला कुणाचा तरी दुसरा भाचा येईल. मग तिथेच ठरलं. माणसांच्या डोक्यावरून उडवायचा नाही. कुणाच्या परसावरून, पाणवठ्यावरून उडवायचा नाही. जागेच्या मालकाला विचारायचं. शिकलेल्यानेच उडवायचा. पोटासाठी असो की हौसेसाठी, नियम सारखेच. जो मोडेल त्याचाच ड्रोन कुलपात जाईल, आणि ज्याने मोडायला लावलं त्याला गावकीत उभं राहून जाब द्यावा लागेल. शांताराम पोस्टमनने सगळ्यांत आधी मान डोलावली. त्याला यातलं काही नवीन नव्हतं.

भाईशेठांच्या राहिलेल्या अर्ध्या बागेतली बरीच सुपारी गळून गेली. जी उरली तिच्यावर फवारणी झाली, पण त्या बागेची पाळी आली तेव्हा, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. वाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवायला बागेच्या मालकाने स्वतः उभं राहायचं असतं. भाईशेठ हातात लाल फडकं घेऊन उभे राहिले.

पोरं त्यांना बघून हसली. हेमांगी हसली नाही. अनंत पुढे बरा झाला, पण तो लंगडतच राहिला, आणि त्याचं प्रत्येक पाऊल जमिनीवर वाजलं की तिचा राग पुन्हा जागा व्हायचा. ती तो विझू द्यायची नाही. त्या रागामुळेच गर्दीवरून ड्रोन उडवायला कुणी आलं की तिच्या तोंडून 'नाही' एका दमात निघायचं.

तात्पर्य: चुकणाऱ्याला मोकळं सोडून साऱ्यांना कुलूप लावणं म्हणजे शिस्त नव्हे. नियम जरूर करा, पण तो वस्तूपेक्षा ती वापरणाऱ्या हाताला लावा, आणि नियम करणाऱ्याच्या हाताला सगळ्यांच्या आधी.