हक्कसोडाच्या आदल्या दिवशी

“आणि संमती म्हणजे रे काय?” निरंजनगिरी बुवांनी चुलीवरचं भगुणं हलवत विचारलं.

विश्वंभर वकील मांडी सावरून बसला. असा प्रश्न त्याला जेवणापेक्षा आवडायचा. लहानपणी तो याच मठात राहून शिकला. आता दर आठवडी बाजाराला ओट्यावर उभा राहून लोकांना कायद्याचे शब्द सोपे करून सांगायचा, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. असायलाही हवा. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, बोलावलं की हजर राहीन ही हमी. हे आता तिथले भाजीवालेसुद्धा सांगतात.

“संमती म्हणजे राजीखुशीनं दिलेला होकार,” तो म्हणाला. “धाक नाही, दबाव नाही, फसवणूक नाही.”

“आणि तुझं उद्याचं ते?”

“हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा बहीण आपखुशीनं सोडते. उद्या अक्का सही करणार. म्हणून तर तुमच्या पाया पडायला आणलं तिला.”

गयाअक्का दाराशी बसली होती. नवरा गेल्यापासून ती लेकीच्या सासरी राहायची, ओसरीतल्या एका खाटेवर. आपल्या हिश्शात चार पत्रे टाकून स्वतःचं घर करावं, असं ती एकदा बोलली होती. तेही फक्त लेकीपाशी.

“गयाबाई, तुमची संमती आहे?”

“आहे की,” वकीलच बोलला. “आमची अक्का लाखात एक. भावापुढं जमीन म्हणजे तिला माती.”

अक्कानं भावाकडं पाहिलं. मान हलवली.

बुवांनी कोरा चहा पेल्यात ओतून वकिलापुढं ठेवला.

पहिल्याच घोटाला वकिलाचे डोळे बारीक झाले. साखरेऐवजी मीठ पडलं होतं, तेही सढळ हातानं.

“बरा झालाय?”

“झकास, बुवा.”

त्यानं पेला रिकामा केला. ठसका आला तो गिळला.

“मीठ टाकलं होतं मी,” बुवा म्हणाले. “मुद्दाम.”

“कळलं मला.”

“मग झकास का म्हणालास?”

“आता तुम्हाला नाही कसं म्हणणार?” वकील हसला. “इथलं अन्न खाऊन वाढलो. उद्या याच दारात यायचंय मला.”

“मी धाक घातला?”

“छे.”

“दबाव टाकला?”

वकिलाचं हसू अर्ध्यावर राहिलं...

बुवांनी दुसरा पेला भरला आणि अक्कापुढं सरकवला.

“गयाबाई, हाही खारटच आहे. घ्याल?”

अक्का पेल्याकडं बघत राहिली. मग भावाकडं. वकिलानं, का कोण जाणे, मान खाली घातली.

अक्कानं पदर सारखा केला. ताठ बसली. पेला दोन बोटांनी मागं ढकलला.

“नको,” ती म्हणाली.

बुवांनी तो पेला उचलला आणि दाराबाहेर रिकामा केला.

“विश्वंभर,” ते म्हणाले, “आता विचार तिला जमिनीचं.”