डबा कुठं आहे, सांगू?

“अक्का, इथं आभाळ कुठं मोकळं आहे हो?”

“वर,” म्हाळसाक्का म्हणाल्या. मान काही उचलली नाही. पुढ्यात चिंचांचा ढीग, फळी, हातात लाकडी हातोडी. एक ठोका, एक चिंचोका बाहेर.

“थट्टा नको ना! आंब्याखाली चालत नाही, पत्र्याखाली चालत नाही. डोक्यावर काही आडवं नको.”

“मग अंगणाच्या मधोमध उभी राहा. चिंचांवर सावली पाडू नको, वाळतायत.”

शर्वरी खिलारे अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तालुक्याच्या शाळेत मुलांना कवायत शिकवणारी बाई. आवाज खणखणीत, पायात वारं. दर रविवारी भोरजाईची टेकडी चढून अक्कांच्या मठात यायची, ध्यानाला बसायची, आणि घटकाभरात उठून तेच ते विचारायची.

“ध्यानात शेवटी काय भेटतं ते एकदा सरळ सांगून टाका ना, अक्का. म्हणजे मला तयारीनं बसता येईल.”

अक्का सांगत नव्हत्या.

त्या रविवारी मात्र ध्यानाचं नावच निघालं नाही. तिनं पिशवीतून एक खोकं काढलं. वरची चिकटपट्टी दातानंच फाडली. आतून मुठीएवढं यंत्र निघालं.

“दुसरा मोबाईल घेतलास?”

“मोबाईल नाही हो! जीपीएस. ह्याला सिम लागत नाही, रेंज लागत नाही. हे थेट उपग्रहांचं ऐकतं आणि आपण कुठं उभे आहोत ते सांगतं.”

“तू माझ्या अंगणात उभी आहेस.”

“अक्का!”

तिला राग आला आणि हसूही आलं. मग भडाभडा सांगायला लागली. असा एक खेळ आहे. कुणीतरी डोंगरात, माळावर, कुठंतरी एक डबा लपवतं. त्या जागेचे आकडे सगळ्यांना कळवतं. बाकीच्यांनी आकड्यांवरून डबा शोधायचा, आतल्या वहीत आपलं नाव लिहायचं आणि डबा परत लपवून यायचं.

“बक्षीस?”

“नाही.”

“डबा घरी न्यायचा?”

“छे! तिथंच ठेवायचा.”

“बरा खेळ आहे. मग एवढी धाप कशाला?”

“पहिलं नाव!” शर्वरी म्हणाली. तिचे डोळे असे चमकले की कोंबड्यासुद्धा बाजूला झाल्या. “कोऱ्या वहीत पहिलं नाव ज्याचं, मान त्याचा. मी डबे ढिगानं शोधलेत, अक्का. पण पहिली कधीच नाही. दर वेळी वही उघडावी आणि वर लिहिलेलं असावं, हर्षद तोडकर. ऐन वेळी माझा फोन मान टाकतो आणि हा मेला पोचलेला असतो. नावाखाली एक हसरं तोंड काढतो. माझ्यासाठी!”

“तोंडच जास्त लागलेलं दिसतंय.”

“लागलंच!”

आज पायथ्याशी आली तेव्हा तिला निरोप दिसला होता. नवा डबा. ह्याच टेकडीवर. अजून कुणी उघडलेला नाही. तिनं आकडे पेनानं हातावर उतरवून घेतले आणि धावत वर आली. तोच निरोप हर्षदलाही गेलेला असणार. तो मोटारसायकलवर निघालेला असणार.

“म्हणून घाई आहे. कळलं?”

“कळलं. मग कर की घाई.”

शर्वरीनं सेल घातले, बटण दाबलं. यंत्र मेलेलंच. परत दाबलं. तळहातावर आपटलं. मग बघते तर एक सेल उलटा. स्वतःलाच एक शिवी हासडून तिनं तो सरळ केला.

पडदा उजळला, तशी एवढी मोठी बाई टुणकन उडाली.

यंत्र विचारत गेलं, ती बटणं दाबत गेली. भाषा कुठली? घड्याळ कुठल्या देशाचं? अंतर कशात मोजू? आकडे कोणत्या पद्धतीनं लिहिणार? हो, हो, पुढं, पुढं.

“काय विचारतंय ते वाच तरी.”

“सगळं येतं मला, अक्का.”

“असं यंत्र आधी होतं तुझ्याकडं?”

“नाही. पण येतं.”

मग एकाएकी तिचं बटणावरचं बोट थांबलं.

“आता काय झालं?”

“उपग्रह शोधतंय. म्हणतंय, मोकळ्या आभाळाखाली न हलता उभे राहा.”

“मग राहा.”

तिला कुठं राहवतंय! एक पाऊल इकडं. मान फाटकाकडं. पाय उंचावून खालच्या वाटेवर नजर. यंत्र आपलं म्हणतंय, शोधतोय... शोधतोय...

शेवटी तिनं दोन्ही पाय रोवले. डोळे मिटले. श्वाससुद्धा आवरून धरला.

अक्कांची हातोडी थांबली.

“काय गं, इतकी वर्षं मी घसा कोरडा केला. हलू नको, शर्वरी, हलू नको. तेव्हा तुझ्या अंगाला मुंग्या लागायच्या.”

“बोलू नका हो... येतंय... येतंय... आलं! अक्का, आलं!”

“आता?”

“आता ह्याला आडवं धरून गोल फिरायचं. म्हणजे दिशा कळतात त्याला.”

ती यंत्र हातात धरून गरागरा फिरायला लागली. ओढणी उडतेय, वेणी उडतेय.

“सावकाश फिरायला सांगितलं असेल त्यानं.”

“हो, तसंच लिहिलंय!” म्हणत ती आणखी जोरात फिरली.

“एकटीच फुगडी घालतेस होय!” अक्कांनी फळीवर हातोडीचा ताल धरला. ठक ठक, ठक ठक. दोघीही हसत होत्या.

हातावरचे आकडे तिनं एकेक करून यंत्रात भरले. पडद्यावर बाण उगवला. बाणानं टेकडीची मागची उतरण दाखवली.

“निघाले!”

अक्कांनी हूं म्हणेपर्यंत ती फाटकाबाहेर.

चिंचांचा ढीग निम्मा उरला तेव्हा ती परत आली. कमरेपर्यंत चिखल. कोपरापर्यंत चिखल. केसांत शेवाळ.

“कुठं गं गेली होतीस?”

“म्हशी बसतात त्या डबक्यात! बाण म्हणतो, पोचलात. मधोमध! मी उतरले आत. खाली हात घालून सगळा तळ चाचपला. म्हैस नुसती बघत होती माझ्याकडं.”

“काय म्हणाली?”

“हसू नका, अक्का! हे यंत्रच खोटं आहे. एवढं हौसेनं घेतलं आणि...”

खालून मोटारसायकलचा आवाज आला. वळणावर एकदा दबला, परत चढला.

शर्वरीचा चेहरा उतरला.

“आला तो,” ती म्हणाली. आवाजातली कवायत पार गेली होती. “परत त्याचंच नाव वर. खाली माझं. मध्ये ते दात काढलेलं तोंड.”

अक्कांनी हातोडी खाली ठेवली.

“शर्वरी, परवा एक चष्म्यावाली बाई आली होती. मठाच्या हद्दीत डबा ठेवू का, विचारायला. मी तिच्याबरोबर जाऊन जागा दाखवली.”

“म्हणजे... तुम्हाला...”

“इथून दिसते जागा. सांगू?”

खाली इंजिन बंद झालं. आता त्याला फक्त पायवाट चढायची होती. तरणा माणूस, त्याला कितीसा वेळ लागणार.

“सांगू का गं? पहिलं यायचंय ना?”

“यायचंय...”

“मग बघ.”

अक्कांनी हात उचलला. चिंचेनं चिकट झालेलं बोट सरळ होतंय न होतंय, तोच शर्वरीनं झडप घातली. ते बोट, तो हात, दोन्ही मुठींत गच्च आवळून खाली दाबून धरला.

“नको!”

“दुखतंय, बाई.”

“दुखू दे! दाखवू नका. तिकडं बघूसुद्धा नका. पाया पडते तुमच्या.”

“दर रविवारी म्हणतेस, सरळ सांगून टाका. आज सांगते, तर हात मोडायला निघालीस.”

शर्वरीची मूठ सुटायला वेळ लागला.

मग ती तिथंच मातीत फतकल मारून बसली. यंत्र ओढणीनं पुसलं. पहिल्या पानावर नेलं. ह्या वेळी एकेक ओळ वाचत गेली, ओठ हलवत, पहिलीतल्या पोरासारखी. भाषा. घड्याळ. अंतर. आकडे कोणत्या पद्धतीनं...

“अगं बाई.”

“काय?”

“अगं बाई, अगं बाई! त्या बाईनं मिनिटांपुढं पॉइंट देऊन आकडे लिहिलेत. आणि हे बेटं पॉइंटपुढचे आकडे सेकंद म्हणून घेतंय! मी वाचलंच नाही. पुढं, पुढं करत गेले. माझंच चुकलं! अक्का, माझंच चुकलं!”

आपली चूक सापडली म्हणून एवढं आनंदानं ओरडणारं माणूस त्या टेकडीनं पाहिलं नसेल.

तिनं पद्धत बदलली. हातावरचा चिखल पुसून खालचे पुसट आकडे परत भरले. बाण गर्रकन फिरला आणि मठामागच्या खडकांकडं तोंड करून थांबला. शर्वरी उठली आणि वाट सोडून सरळ खडकावरच चढली. चिखलाचे पाय उमटत वर गेले.

ती दिसेनाशी होते तोच फाटक वाजलं. हर्षद तोडकर. हातात हेल्मेट, घामानं निथळलेला. आधी अक्कांच्या पाया पडला. पोरगं तसं वाईट नव्हतं.

“अक्का, पाणी मिळेल? आणि शर्वरीताई आल्या का हो?”

“आली. गेली. भिजून आली. परत गेली.”

हर्षदनं तांब्या तोंडाला लावला तो तसाच अर्धवट खाली ठेवला, फोन काढला, बाणाकडं पाहिलं आणि खडकाला वळसा घालणाऱ्या वाटेनं पळत सुटला.

अक्का चिंचा फोडत राहिल्या.

थोड्या वेळानं खडकावरून शर्वरी घसरत, उड्या मारत खाली आली. दोन्ही हात रिकामे. तोंड असं उजळलेलं की चिखल दिसेना.

“सापडला! अक्का, सापडला!”

“बस. पाणी पी.”

“पाणी राहू द्या, ऐका! तिथं पोचले आणि बाण वेडाच झाला. घटकेत इकडं, घटकेत तिकडं. यंत्राला एवढंच कळतं, अक्का. जवळ आणून सोडतं. मग मी ते खिशात घातलं. खाली बसले. नुसती बसले हो! हर्षद येतोय माहीत होतं, तरी बसले. आणि मग दिसलं... सगळे दगड वरून उन्हानं पांढरे, एकाचीच मातकट बाजू वर! उचलला. खाली डबा!”

“काय होतं आत?”

“एक शिट्टी. एक भोवरा. एक काचेची निळी गोटी. गोटीतून मी मठ बघितला. उलटा दिसतो! तुम्हीपण उलट्या. डोकं खाली, चिंचा वर!”

अक्का हसल्या. पोट धरून हसल्या.

“मग ठेवला परत. दगडाची पांढरी बाजू वर केली. कडेनं पाला सारला. असा ठेवला, अक्का, असा ठेवला की हर्षदला तिथं नाक घासायला लागेल.”

“आणलंस काय?”

“काही नाही!” शर्वरीनं दोन्ही तळवे पुढं केले आणि परत हसली.

मग ती अक्कांच्या शेजारी बसली. एक चिंच उचलली, टरफल काढायला लागली. ध्यानात काय भेटतं, विचारलं नाही. काहीच विचारलं नाही. एक चिंच झाली, दुसरी घेतली. ऊन अंगणभर पसरलं. कोंबड्या परत आल्या.

वरून खडकांमधून हर्षदची आरोळी आली.

“कोरी! वही कोरी आहे! पहिला! मीच पहिला!”

शर्वरीचा हात चिंचेत तसाच राहिला. डोळे मोठे झाले.

“अक्का... लिहायचंच राहिलं.”

“काय?”

“नाव.”

म्हाळसाक्कांनी पुढची चिंच फळीवर ठेवली.

“कुणाचं?”