निखाऱ्याचे दान

पूर्वी कृतयुगात, शुक्तिमा नदीच्या तीरावरील महर्षी और्णवांच्या आश्रमात, एका मध्याह्नी अतिथीच्या पायांवर ओतलेले पाणी भूमीपर्यंत पोहोचलेच नाही. तापल्या खापरावर थेंब पडावेत तसे ते चर्रकन वाजले आणि विरून गेले. महर्षींची तरुण पत्नी ऋजुमती कलशासह दोन पावले मागे सरकली.

“घाबरलीस, माते?” अतिथी हसला. जटा, वल्कले, भस्म. तपस्व्याचे एकही लक्षण उणे नव्हते. “तीन योजने उन्हातून आलो. पाय तापणार नाहीत तर काय?”

ऋजुमतीही ओशाळून हसली. पारवा फडफडला तरी तिच्या काळजात धस्स होई, आणि पलीकडच्या तीरावरील वृद्ध ऋषिपत्नी कुशावती तर तिला नेहमी चिडवीत असे, “ही बाई स्वतःच्या सावलीला पाहून दचकेल आणि वर तिला अर्घ्यही देईल!” त्यामुळे आपले भय गिळून टाकण्याची तिला सवयच झाली होती. तेही तिने गिळले.

भोजनापूर्वी अतिथीला नाव-गोत्र विचारू नये, असा धर्म आहे. तिने विचारले नाही. कंदमुळे, नीवाराचा भात, मध असे सारे वाढले. भोजनोत्तर विचारण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. पण तेवढ्यात तोच म्हणाला,

“पैलतीरी मला होम करावयाचा आहे. तुझ्या गार्हपत्यातला एक निखारा दे.”

विवाहसमयी प्रज्वलित केलेला आणि गृहस्थाच्या घरी अखंड जागता असणारा तो अग्नी. दूरच्या यज्ञसत्राला निघताना और्णवांनी बजावले होते, “ऋजू, अन्न मागेल त्याला दे. विस्तव मात्र मी परतेपर्यंत उंबरठ्याबाहेर जाऊ देऊ नकोस.”

“स्वामी घरी नाहीत,” ती चाचरत म्हणाली.

“बरे तर. एवढ्या थोर महर्षींच्या घरी चिमूटभर विस्तवाची वाण आहे, हे वाटेत भेटेल त्याला सांगत जाईन.”

हा टोमणा तिच्या वर्मी लागला. ती उठली. गार्हपत्याजवळ जाताना कानांत ते चर्र पुन्हा वाजले. पाऊल क्षणभर थबकले. मग तिने खापरीत निखारा घेतला आणि ती खापरी स्वतःच्या हाताने त्याच्या ओंजळीत ठेवली. त्याने खापरी बाजूला टाकून निखारा नुसत्या मुठीत धरला, आणि काही न बोलता नदीकडे चालू लागला.

तो धूमकेश नावाचा असुर होता. चोरलेला वा बळाने हिरावलेला अग्नी त्याच्या हाती विझेल, गृहिणीने स्वेच्छेने दिलेला मात्र कधीही विझणार नाही, असा ब्रह्मदेवाचा त्याला वर होता. सूर्य कलण्यापूर्वी पैलतीरावरील अकरा आश्रम, त्यांच्या समिधांच्या राशी, गोठ्यांतील गायी आणि कुशावतीचा अंध पती भस्मसात झाले. पुढे इंद्राने वज्राने धूमकेशाचे मस्तक उडवले. पण जळाले ते जळालेच.

और्णव परतले तेव्हा ऋजुमतीने त्यांच्या पायांवर लोळण घेतली. “स्वामी, मला ठाऊक नव्हते! मी निरपराध आहे!”

“तो असुर आहे हे तुला ठाऊक नव्हते, हे मी मानतो,” महर्षी शांतपणे म्हणाले. “पाद्य ओतलेस तेव्हा काय पाहिलेस?”

तिने त्यांच्या पायांवरचे हात मागे घेतले.

“कपट त्याचे. हात तुझा. जेथे विचारावयास हवे तेथे तू मुकी राहिलीस. म्हणून, ऋजुमती, तुझी हाक सर्वांना ऐकू येईल, पण तिला कोणी ओ देणार नाही!”

उःशाप त्यांनी दिला नाही. तिने मागितलाही नाही.

बारा वर्षे ती ऐलतीरावरच आश्रमामागून आश्रम हिंडली. दारात उभी राहून हाक मारी, “अहो, ऐका! माझी फसवणूक झाली! मी निरपराध आहे!” लोक मान वर करीत, ऐकत, आणि पुन्हा आपल्या कामाला लागत. भिक्षा मिळे, शब्द मिळत नसे. त्या खोऱ्यातील गृहिणी मात्र तेव्हापासून विस्तव मागणाऱ्याला आधी नाव-गोत्र विचारू लागल्या आणि अजूनही विचारतात.

पैलतीरी जाण्याचे धैर्य तिला तेराव्या वर्षी झाले. कंबरभर पाण्यातून ती पार झाली. जळक्या खुंटांमध्ये कुशावती एकटीच शेणगोळा घेऊन नवे अंगण सारवीत होती. पाठ धनुष्यासारखी वाकलेली.

कुंपणाबाहेर उभ्या राहिलेल्या ऋजुमतीच्या ओठांवर नेहमीचे शब्द आले. ते तिने उच्चारले नाहीत.

“आई!” तिने हाक मारली. “त्याच्या पायांवर पाणी चर्रकन विरलेले मी पाहिले होते. मला भय वाटले होते. कृपण म्हणवून घ्यायची लाज त्या भयाहून मोठी ठरली. निखारा मी दिला. माझ्या हाताने दिला.”

सारवणारा हात थांबला. कुशावती शेणगोळा बाजूला सारून वळली. मग गुडघ्यावर हात टेकून कष्टाने उठली आणि शेणाने भरलेल्या हाताने डोळ्यांवर छाया धरून तिने कुंपणाकडे पाहिले.

“ओ, ऋजू,” ती म्हणाली.