हात लावायचा दगड

आंबेटेकच्या डाकबंगल्याच्या बागेत, गुलाबांच्या वाफ्यात, दोन उभ्या दगडांवर एक आडवी शिळा आहे. उंची बाईमाणसाच्या खांद्याएवढी. पाहुणे येतात आणि आपापल्या अकलेने निदान करतात. कुणाला ती कुंडी ठेवायची जागा वाटते, कुणाला पाखरांच्या पाण्याची. मग राघू माळी खुरपं खाली टाकतो, कमरेवर हात ठेवतो आणि शंभरदा सांगितलेलं पुन्हा सांगतो. सांगून सांगून तो कंटाळलाय, पण चुकीचं त्याला ऐकवत नाही.

"शोभेचा न्हाय त्यो, सायेब. बाग मागनं आली. आधी हितनं घाटाची वाट हुती."

त्या वाटेने म्हणे खालच्या मिठागरांतून बाया डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन वर यायच्या. पाटी अशी जड, की टेकवणं एकटीला जमे, पुन्हा डोक्यावर घेणं जमत नसे. जी कोणी जवळ असेल तिला म्हणावं लागे, "बाय, हात लाव."

बारकी आणि पोशी या सख्ख्या जावा. एका सुपावरून त्यांचं बिनसलं आणि दोन वर्षं अबोला चालला. एका चैतातल्या दुपारी बारकी रिकामी पाटी घेऊन घाट उतरत होती. पोशी भरली पाटी टेकवून इथेच बसलेली, तापातून नुकती उठलेली. वाटेवर तिसरं कुणी नव्हतं. तिने हाक मारली तर थांबू, असं बारकीच्या मनात होतं. पोशीने मान वळवली. बारकीही दमली होती, चिडली होती; ती तशीच पुढे गेली.

अर्ध्या घाटात तिचा पाय पुढे पडेना. ती धापा टाकत परत चढली. पोशीने एकटीनेच पाटी उचलायला घेतली होती. पाटी उपडी झाली होती, मीठ सांडलं होतं आणि पोशी त्यातच पडली होती.

"पोशे, ऊठ गं. मी लावते ना हात!" दोन वर्षांनी बारकी तिच्याशी बोलली, पण ऐकायला पोशी उरली नव्हती.

त्यानंतर बारकी म्हणे रोज दिवस मावळेपर्यंत इथे उभी राहायची. येईल तिची पाटी न सांगता उतरवायची, न सांगता चढवायची. म्हातारपणी हात उचलेनात, तेव्हा तिने पाथरवटाला बोलावलं आणि स्वतःच्या खांद्याच्या मापाने ही शिळा बसवून घेतली. डोक्यावरची पाटी तिच्यावर सरकवावी, दम खावा, वाकून पुन्हा डोक्यावर घ्यावी. कुणाची विनवणी करायला नको.

आजही आंबेटेकात कुणाला "हात लाव" म्हणावं लागत नाही. भांडणं होतात, अबोलेही धरले जातात. राघूचा सख्खा भाऊ त्याच्याशी अकरा वर्षं बोललेला नाही. रोज सकाळी तो कुंपण ओलांडून येतो, शेणखताची पाटी राघूच्या डोक्यावर चढवतो आणि मुकाट्याने परत जातो.