येसबा पैलवानाची मावशी

वेशीवरचा वड मनगटाएवढा होता, त्या काळची ही गोष्ट. बोरमाळ गावात येसबा नावाचा पैलवान होता. तो धपकन बसला की शेजारच्या घरातली उतरंड हलायची, असं म्हणतात. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, तुम्ही नव्हता तिथं.

जत्रेला पंधरवडा उरला होता. येसबा ओढ्यावर आंघोळीला गेला, तर पाण्यात तोंड बांधलेलं पोतं. आत मांजराची पिल्लं. कुण्या हलकटानं टाकली ते गावाला ठाऊक आहे, पण त्याचे पणतू अजून गावातच आहेत, म्हणून नाव राहू दे. एकच जिवंत निघालं. मिटल्या डोळ्यांचं, मुठीत मावेल एवढं.

येसबानं ते पटक्यात गुंडाळून पोटाशी बांधलं. घरी नेऊन म्हशीचं दूध पाजलं. पैलवानाला दुसरं काय सुचणार? पिल्लाला हगवण लागली. तेव्हा शेळ्या राखणारी धोंडाई कडाडली, "अरं रेड्या, मारतोस का त्याला? शेळीचं दूध घे, कोमट कर, कापसाच्या वातीनं दे. आणि उताणं नको धरूस, दूध छातीत जाईल. पालथं धर, पालथं! पाजून झालं की ओल्या फडक्यानं बूड पूस, तेव्हा ते मुततं. त्याची आई असती तर तिनं जिभेनं केलं असतं."

येसबानं सगळं केलं. दोन घटका झाल्या की तालमीतून उठायचा. पोरं हसायची, "वाघ मावशी सांभाळतोय!" मग पिल्लाचं नावच मावशी पडलं. तिनं डोळे उघडले तेव्हा पहिल्यांदा दिसल्या त्या येसबाच्या मिशा. तेव्हापासून ती दुसऱ्या कुणाच्या हातचा थेंब घेईना.

जत्रेचा दिवस उजाडला. शेवटची कुस्ती चांदीच्या कड्याची. समोर पलीकडच्या गावचा हैबती. त्यानं शड्डू ठोकला की झाडावरची पाखरं उडायची. दर जत्रेला नवं कडं घडायचं, पण कित्येक वर्षं ते त्याच्याच गावात जात होतं, म्हणून सगळं बोरमाळ येसबाच्या भरवशावर बसलेलं.

कुस्ती रंगली. ऊन कललं. कडेला धोंडाईच्या बुट्टीत मावशी भुकेनं ओरडू लागली. धोंडाईनं वात पुढं केली, तर तिनं तोंड फिरवलं. ओरडणं बारीक बारीक होत गेलं. हलगीच्या कडकडाटात ते कुणाला ऐकू जाणार? येसबाला गेलं, असं म्हणतात.

मातीबाहेर पाय टाकला तर कुस्ती गेली. नाही टाकला तर जीव गेला. येसबानं काय करावं? आपलं डोंगराएवढं अंग आपणहून मातीत पालथं घातलं आणि हाक मारली, "धोंडाई, आण तिला!"

हैबती लगेच पाठीवर चढला. "अरं, कुस्ती धरलीस का बाळंतीण झालास?"

"तू तुझं कर की. मी माझं करतो."

पंच म्हणून बसलेले पाटील ताडकन उठले. "हे चालायचं नाही!"

येसबाचे वस्ताद म्हणाले, "पाटील, मातीबाहेर गेला का? नाही. पाठ लागली का? नाही. मग बसा खाली."

येसबानं कोपरं मातीत रोवली. एका तळहातावर मावशी पालथी, दुसऱ्या हातात वात. वर हैबती. त्यानं घिस्सा लावला, सवारी भरली, मान दाबली. पण येसबा हलला असता तर वात सुटली असती, म्हणून तो हललाच नाही. त्याला जमिनीत मुळं फुटली, असं म्हणतात. मावशी चुटुचुटु पीत राहिली. तिचं पोट गोल झालं तेव्हा येसबा म्हणाला, "पाटील, उपरणं जरा ओलं करून द्या." पाटलांनी दिलं. रेशमी होतं. कशाला हवं होतं, ते धोंडाईनं आधीच सांगितलंय.

ते बघून हैबती पेटला. सगळं बळ एकवटून त्यानं असा हिसका दिला की घामावरून हात निसटले, आणि तो स्वतःच मागं कोलमडला. दोन्ही खांदे मातीला, तोंड आभाळाकडं.

गाव उठलं. आता आरोळी फुटणार, तेवढ्यात येसबानं पडल्यापडल्या ओठांवर बोट ठेवलं. मावशी झोपली होती. हलगीवाल्यानं हलगी छातीशी धरली. एवढी मोठी जत्रा पायताणं हातात घेऊन पांगली, असं म्हणतात. हैबती तेवढा गेला नाही. तो सरपटत शेजारी आला नि कुजबुजला, "उठली की मला धरू देशील?"

"आधी हात धू," येसबा म्हणाला.

त्या कड्याची येसबानं मावशीसाठी वाटी घडवून घेतली. त्या वाटीत दूध पीत मावशीनं येसबाची नातवंडं पाहिली, असं म्हणतात. आणि पुढच्या जत्रेला हैबती आला तो फेट्यात दोन पिल्लं घेऊनच.

बोरमाळच्या ओढ्यात आजही कुणी पोतं टाकत नाही. जत्रेत शेवटच्या कुस्तीला हलगी वाजत नाही. मातीशेजारी बेवारस पिल्लांची बुट्टी ठेवतात. जिंकणाऱ्यानं आधी पिल्लू घ्यायचं, मग कडं. कडं नको म्हटलेलं चालतं, पिल्लू नको म्हटलेलं चालत नाही. पिल्लू हातात देताना वस्ताद विचारतात, "कसं धरायचं?"

आणि सगळं मैदान, म्हातारी-कोतारी, पोरंटोरं, हळू आवाजात सांगतं, "पालथं."