बिनसुपारीचा विडा

किनाऱ्यावरच्या राजाने बंदराचा कर वाढवला, म्हणून घाटावरच्या दुर्जयराजांनी त्याच्या मालावर बंदी घातली. ते दरबाऱ्यांना म्हणाले, "सुपारी खपली नाही की महिन्याभरात शरण येतो बघा!"

सहा महिने दरबारी रोज सांगत, "शत्रू जेरीस आलाय, महाराज!" महाराज खूश होऊन विडा तोंडात टाकत.

एके दिवशी विडा चावताच ते गरजले, "सुपारी कुठाय?"

विडे लावणारी सगुणा म्हणाली, "महाराज, इतके दिवस सुपारी शत्रूचीच असायची. तिसऱ्या राज्यातून फिरून, तिप्पट भावाने यायची. आज म्हटलं, आपली बंदी एकदा पाळून तरी बघू. शत्रूचं देव जाणे, आपण मात्र एका विड्यात जेरीस आलात!"

"जेरीस" ऐकताच दरबाऱ्यांनी सवयीने माना डोलावल्या.