थंडीला बजावून सांगा

नाशिकच्या शिरोडेशेठांनी आपल्या कापडदुकानात पाटी लावली, ‘अभिप्राय लिहा. प्रत्येक अभिप्रायामागे अनाथाश्रमातल्या एका मुलाला ब्लँकेट!’ गिऱ्हाइकांनी भराभर अभिप्राय लिहिले.

ऐन थंडीत वाटपाचा समारंभ झाला. आश्रम चालवणाऱ्या द्वारकाताई पोरांना घेऊन आल्या. पण निम्म्याच पोरांना ब्लँकेट देऊन शेठ थांबले.

“बाकीच्यांचं काय?” ताईंनी विचारलं.

“बाकीच्या अभिप्रायांत नुसत्या तक्रारी निघाल्या. कुणी म्हणे रंग जातो, कुणी म्हणे मापात मारता. शिव्या खाऊन वर दानही करू?”

कुडकुडणारी पोरं ताईंच्या पदराला बिलगलेली. त्यांनी शेठसमोरचा माईक ओढून घेतला.

“बरोबर आहे, शेठ. आता तेवढं थंडीलाही बजावून सांगा, की ज्यांच्या वाट्याला तक्रार आली, त्या पोरांना हात लावू नकोस. तिनं तुमचं ऐकलं, तर आम्ही निमूट परत जातो.”

शेठ माईक परत घ्यायला पुढे झाले.

तेवढ्यात मागून एक गिऱ्हाईक ओरडलं, “काय शेठ, थंडी काय म्हणाली?”

शेठांनी खाली मान घालून गड्याला गोदाम उघडायला सांगितलं.